उलटे जुंपलेले बैल

रविवार, दर्यापूर. सायंकाळ.

लग्नाचा वाढदिवस म्हणून आज दुपारी अमरावतीच्या त्या मोठ्या हॉटेलात जेवाले गेलो. सहा वर्षांनी. डोकं अजून तापलेलंच आहे.

आधी कसं होतं तिथं! टेबलावर पांढरीशुभ्र चादर, कापडी रुमाल, हात धुवाले लिंबाचं कोमट पाणी. आमचे हे नखातली काळी माती ब्रशनं घासून यायचे. वेटर "या सर" म्हणायचा, आन् दोन तास वावराचं, शेतीचं नाव निघायचं नाही. त्याच्यासाठीच तर जायचो.

आता भिंतीले शेणामातीचा रंग, खोटे कंदील, वेटरच्या डोक्यावर फेटा. "काय खाऊन राहिले, पाटील?" म्हणे! नक्कल करतो मेला आमची. आन् ताटाऐवजी वीतभर लाकडी बंडी, खेळण्यातल्या बैलगाडीसारखी. तिच्यात बिस्किटाएवढ्या दोन भाकरी आन् ठेचा. बैल उलटे जुंपलेले, तोंड बंडीकडे!

घरची भाकर सोडून एवढ्या दूर भाकरच खायले गेलो का आमी?

आमच्या यायनं घास घेतला नाही. बैल फिरवून पाहिले, तर ते पक्के चिकटवलेले. उलटे! इतक्या दिवसांत एकालेही दिसलं नसंल? गाव भिंतीवर पाहिजे या हॉटेलवाल्यायले, गावचा माणूस नाही.

निघताना वेटरनं विचारलं, "कसं वाटलं?"

हे म्हणाले, "बैलायचं तोंड फिरवा आधी. भाकर आमी घरी खातो."

 आन् सकाळी तिथं जायसाठी अर्धा तास नखं घासत बसले होते.