‘व इतर’मधले भावजी

प्रिय भावजींना,

वहिनीचा आशीर्वाद. तुमचं पित्त बसलं का? सत्काराच्या भाषणात तुम्ही एवढे ढेकर गिळत होतात, की पाणी घेऊन मीच वर यावं असं वाटलं. माझा गुडघा आहे तसाच आहे. (औषधांवर तुमचे दीडशे पेपर आहेत म्हणे. पण मी गुडघ्याचं विचारलं की तुम्ही सांगता, गरम पाण्याने शेका. एवढं माझ्या आईलाही येत होतं, तिचा कुणी सत्कार केला नाही.)

कार्यक्रम झकास झाला. पडद्यावर तुमचा आकडा असा चढत होता, मला वाटलं आता छत फोडतोय. जगभरचे लोक आपापल्या पेपरात तुमच्या पेपरचा उल्लेख करतात आणि ते कुणीतरी मोजत बसतं, हे मला तेव्हा कळलं. (त्यातले पुष्कळ उल्लेख तुमचे तुम्हीच केलेत, असं शेजारची मुलगी कानात म्हणाली. आपल्याच ताटात आपणच वाढायचं आणि वर आग्रहही आपणच करायचा!) ती मुलगी तुमच्याच प्रयोगशाळेतली. तिच्यावर डाफरू नका, विचारलं मीच.

मग तुम्ही म्हणालात, “पण दादा मला अजून भारी आहे. संस्थेत सगळ्यात जास्त उल्लेख त्याच्या त्या एका पेपरचा होतो. का, ते विचारू नका!” सगळे हसले. मीही हसले, भावजी. नुसती हसले नाही, सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटल्या आणि वळून मागच्या रांगेकडे बघितलं, की बघा, कौतुक चाललंय ते माझ्या माणसाचं. मागच्या बाई खाली बघायला लागल्या. तेव्हा त्या मुलीला म्हटलं, काय लिहितात गं लोक यांच्याबद्दल? आधी चाचरली. मग म्हणाली, “काकू, चुकतं कसं याचं उदाहरण म्हणून देतात. ते औषध जंतू मारतं असं पेपरात होतं, पण दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही.”

म्हणजे नवऱ्याची फजिती मी पहिल्या रांगेत बसून टाळ्यांनी साजरी केली.

आता ते चुकलं कसं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तपासणी तुमच्याकडे होती. आधीच्या औषधाचं भांडं न धुता तुम्ही त्यातच नवं घातलंत. जंतू मेले जुन्याने, वाजंत्री वाजली नव्याची. (मला नवल नाही वाटलं. आमच्याकडे चार वर्षं राहिलात, चहाचा कप कधी विसळला नाहीत.) पेपर छापून आल्यावर यांनी स्वच्छ भांड्यात पुन्हा करून बघितलं, तर जंतू टुणटुणीत. यांना त्याच दिवशी मासिकाला कळवायचं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन रडलात, “दादा, माझी नोकरी पक्की होईपर्यंत थांब.” मी तिथेच भांडी घासत होते. हे थांबले. तुमची नोकरी पक्की झाली आणि त्याच महिन्यात हे गेले. पेपरात पहिलं नाव यांचं, म्हणून जग यांनाच नावं ठेवतं. उल्लेखात पहिलं नाव देऊन पुढे नुसतं ‘व इतर’ लिहितात, त्यात तुम्ही गुडूप. एवढा आडवातिडवा माणूस दोन शब्दांमागे मावतो, हा खरा शोध.

चहाच्या वेळी मी हळूच म्हटलं, आता तरी खरं लिहा. तुम्ही बिस्किट बुडवत म्हणालात, “वहिनी, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?” त्याला नसेल पडत. पण त्याच्या माघारी त्याच्या नावाने मीच वावरते ना?

असो. घरातलं घरात राहिलेलं बरं, एवढं मला कळतं. तिखट कमी खा आणि जाऊबाईंना जरा मदत करा.

तुमची वहिनी

ता. क. मासिकाला चार ओळी लिहा: तपासणी मी केली, भांडं मी धुतलं नाही, दादाला कळलं तेव्हा त्याला गप्प मी बसवलं. एवढंच मागणं आहे. गुडघ्याचं मी बघते.

ता. क. दुसरा. माझं अक्षर तुम्हाला लागत नाही, म्हणून हे पत्र मी सांगितलं आणि त्या मुलीने टाईप केलं. (तिला दुसरीकडे नोकरी लागली आहे, आता ती तुम्हाला घाबरत नाही.) कपाचं आलं तेव्हा हसली, रडण्याचं आलं तेव्हा नाही हसली. मासिकाचा पत्ता तिच्याकडे आहे. तुम्हाला पाठवू, की तीच वापरेल?