पाईपच्या विरोधात एक मत

बाबा, परवाच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एका माणसाचा तंबाखूचा पाईप बंद केला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडायला मला अजून तुम्हीच लागता. म्हणून लिहायला बसले.

सदाशिव पेठेतली आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आणि चेअरमन मी, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. एकटेच. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणं बंद झालंय. संध्याकाळी गॅलरीत बसून पाईप ओढायचा, तेवढीच त्यांची करमणूक. बरोबर त्यांच्या वरच्या घरात दम्याची एक लहान मुलगी. धूर वर गेला की पोरीला धाप लागते आणि तिची आई पंप घेऊन धावते. तिने तक्रार केली. सार्वजनिक जागी बंदी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माणसाच्या स्वतःच्या घरात काय करायचं, ते मात्र कुणी छातीठोकपणे सांगेना. एक वकील म्हणाले, आपसात मिटवा. वा! मिटत असतं तर वकिलाकडे कशाला गेले असते?

प्राध्यापकांना उतरता येत नाही, म्हणून मीटिंग आमच्याच मजल्यावर जिन्यात घेतली. ते दारात खुर्ची टाकून बसले. "अहो, माझ्या घरात मी काय ओढायचं हे आपण ठरवणार?" ते म्हणाले. "मग फोडणीचा ठसका लागतो म्हणून स्वयंपाकही बंद करा. बंदी असलेला गुटखा कोपऱ्यावर राजरोस मिळतो, तिथे कुणाची हिंमत होत नाही. पुण्यात पाईप ओढणारे उरलेत किती? सापडला एक म्हातारा, घ्या त्याला!" सगळे हसले. मलाही पटलं. मग पोरीची आई म्हणाली, "काका, तुमचं स्वातंत्र्य तुमच्या गॅलरीत थांबत नाही ना. ते माझ्या मुलीच्या छातीत जातं." तेही पटलं. दोघंही बरोबर असले की चेअरमनने काय करायचं, डोंबल? मग प्राध्यापक आवाज खाली आणून म्हणाले, "मुलगी दुपारी आजीकडे जाते ना, तेवढ्या वेळातच ओढेन. मागच्या खोलीत, खिडकी लावून. चालेल का तुम्हाला?" पोरीची आई म्हणाली, "चालेल, बघू तसं करून." झालं होतं की हो! पण तळमजल्यावरच्या एकांना पूर्ण बंदीच हवी होती. एकदा सवलत दिली की पायंडा पडतो, म्हणे. मतं घेतली, तर समसमान. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

आणि नेमकं तेव्हा मला काय आठवावं? खडकीच्या तुमच्या दारूगोळा कारखान्याचं गेट. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या पूजेला, घरच्यांना आत सोडायचे. मी नवा फ्रॉक घालून तुमचं बोट धरून उभी आहे. सगळे कामगार विडीवाले, तुम्ही एकटे पाईपवाले; बदली होऊन गेलेल्या साहेबांनी दिलेला तो पाईप, तंबाखू आणि काडेपेटी तुम्ही रोजच्यासारखी गेटवर जमा करता. रखवालदार माझा खिसा चाचपतो आणि टिकल्यांची डबी निघते, पिस्तुलात घालून फोडायच्या टिकल्यांची. तो हसतो. तुम्ही हसत नाही. सगळ्यांदेखत मला दरडावता, "तुझ्या खिशात काय आहे, हा इथे तुझ्या एकटीचा प्रश्न नसतो. शेजारी माणसं काम करतात." आणि पूजा न बघताच मला घेऊन माघारी फिरता. मी हमसून हमसून रडत होते, पण काय अभिमान वाटला होता तुमचा!

त्याच संध्याकाळी क्वार्टरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही पाईप पेटवलात. आई पोळ्या लाटत होती. ती खोकली की तुम्ही पाईप या हातातून त्या हातात घ्यायचात, बस. वर म्हणायचात, "त्या स्टोव्हला जरा पिन मार, धूर करतोय." स्टोव्ह! अहो, कारखान्यात शेजारच्या माणसाची एवढी काळजी, आणि घरात शेजारी बसलेली बायको दिसली नाही? आई खिडकी उघडायची, घोटभर पाणी प्यायची, पुढची पोळी लाटायला घ्यायची. तुम्ही गेल्यावरही तिचा खोकला गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी ओढायचं का? तर म्हणते कशी, "छे, स्टोव्हचा धूर हो." मला तिथेच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मी हात वर केला, पूर्ण बंदीच्या बाजूने. प्राध्यापक भिंत धरून उठले, "आपला शब्द मान्य," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. आता ते गॅलरीत बसतच नाहीत. समोरासमोर दारं, पण त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. काल पोरीची आई जिन्यात भेटली. "काकू, एवढं कडक नको होतं हो. मी तर हो म्हटलं होतं." मी तिला नियमांवर व्याख्यान दिलं. सगळ्यांच्या तब्येतीचा प्रश्न, उद्या दुसरा कुणी उठेल, वगैरे. बिचारी ऐकून वर गेली.

हे पत्र पोस्टात टाकायची सोय नाही, तेच बरं. कारण खरं कारण मी तिला सांगितलं नाही आणि प्राध्यापकांना तर सांगणारच नाही. हात वर केला तेव्हा समोर मला ते दिसतच नव्हते, बाबा, तुम्ही दिसत होतात. तुम्हाला थांबवायचं राहिलं, म्हणून त्यांना थांबवलं. आणि त्यांनी तर विचारलं होतं, चालेल का म्हणून. तुम्ही आईला एकदाही विचारलं नाहीत.