गिअरबॉक्सची तब्येत

२१ एप्रिल, सकाळ
आधी तब्येती. जोहराबी, गुडघा कसा आहे? कालच्यासारखाच, बायको म्हणाली. नात अमरीनचा खोकला गेला. माझी शुगर मी विचारत नाही, तीही सांगत नाही. आणि दारातली पाहुणी, भाचा अरहमची तीनशे घोड्यांची गाडी? ठणठणीत. अरहम महिनाभर दुबईला. बजावून गेलाय, मामू, पळवा पाहिजे तेवढी, पण मुंगीच्या पावलानं चालवू नका, हिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. चाळीस वर्षं जुन्नरात जीप-ट्रॅक्टर उघडलेत मी. म्हणे तापतो.

२४ एप्रिल
येडगावचा रखमाजी आला. नातू समर्थचं लग्न. परण्याला, मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेव मिरवायला, हीच गाडी पायजे राव, म्हणाला. जोहराबीनं आतून अरहमची आठवण करून दिली. तोवर मी शब्द देऊन बसलो होतो. संकल्प: आधी कडक टेस्ट.

२७ एप्रिल
टेस्ट घेतली. मोकळ्या रस्त्याला शंभरच्या वर. गिअर दुधावरच्या सायीसारखे. जोहराबी म्हणाली, सावकाश चालवून बघा की. तिला गिअरबॉक्समधलं काय कळतं.

२ मे, दुपारी ४
सजवली. पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळा, वर 'समर्थ वेड्स श्रेया'चं थर्माकोल. आता आत धूळ काय, वारासुद्धा जायचा नाही.

५:४०
बँडवाले पाच पावलं चालतात, दहा मिनिटं नाचवतात. थांबलोच आहोत म्हणून लिहितो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. नव्या गाड्यांना दिव्यांची हौस फार.

६:०५
दिवा लाल. करवलीकडून टिकली मागून वर चिकटवली. मिटलं.

६:२०
करपल्याचा वास. आचाऱ्याचं लक्ष नाही.

६:३५
देवळापासून दोनशे पावलांवर गाडी पुढं जाईना. मागे मात्र झकास जाते. म्हणजे निम्मा गिअरबॉक्स शाबूत. उलटीच न्यायची ठरवली, तर समर्थची आजी साळुबाई आडवी आली. माझा नातू मारुतीपुढं पाठमोरा जायचा न्हाई, म्हणाली. नवरदेव उतरून गावातल्या सुभाषच्या कांद्याच्या पिकअपमध्ये बसला. रखमाजी म्हणाला, जेवूनच जा राव. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तीनशे घोडे, आणि सगळे पळणारे. चालणारा एक नाही.

४ मे
संकल्प: स्वतः उघडून दुरुस्त करायचा, अरहमला कळायच्या आत. गिअरबॉक्स कुठंय ते सापडायलाच दुपार झाली. माझ्याकडचा एकही पाना लागत नाही. जोहराबीनं चहा आणून दिला.

७ मे
अरहमला पाठवायचा मजकूर. पाचव्यांदा लिहितोय.
बेटा अरहम, तब्येत कशी आहे? तिकडे ऊन फार का? जेवण वेळेवर होतं ना? मामीचा गुडघा तसाच. अमरीन बरी. गाडीही बरी आहे, मागे जाते. टिकली अजून काढलेली नाही, हात होत नाही. तू जाताना सांगितलेलं मला नीट ऐकू आलं होतं, बेटा. लवकर लिही.