ओळ नंबर ४१२०

जळगाव,
१८ मार्च १९९४

प्रिय मंजुळा,

फ्लॉपीऐवजी कागद आलेला बघून तुला नवल वाटेल. दीड वर्षात आपण एकमेकांना साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, आणि बोललो मात्र पोटभर. तुझी जानेवारीतली फ्लॉपी मला मिळाली होती. चुडामणभाऊंनी ती हरवली नाही, एस.टी.च्या सीटखाली विसरली नाही. धुळ्याहून निघाली त्याच दिवशी त्यांनी आपल्या कंडक्टरच्या पेटीतून काढून माझ्या हातात दिली, वर विचारलं, "बिबड्या नाहीत का या खेपेला?" म्हणजे दोष त्यांचा नाही. उत्तर मी दिलं नाही. का दिलं नाही ते सांगायला बसलोय, आणि ते सरळ सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून जरा लांबून येतो. तोवर उठून जाऊ नकोस.

इथलं म्हणशील तर सगळं तेच. तोतारामभाऊंचा कॉम्प्युटर क्लास, बाहेर चपलांची रांग, आत पडदे ओढलेले, मशीनवर आईने शिवून दिलेली खोळ. सकाळच्या बॅचला मी शिकवतो आणि दुपारी एक ते चार, भाऊ घरी जेवून झोपतात तेव्हा, मशीन माझं. कॉलेजची पोरं खालून सायकलीवर जातात. मी खिडकीकडे पाठ करून बसतो. कॉलेज सोडल्याचा पस्तावा नाही, असं मी तुला दहा वेळा लिहिलंय. दहा वेळा लिहावं लागलं यावरून काय ते समज. त्या दिवशी सरांनी "खेळ करायला येता का लॅबमध्ये?" म्हणून बटण बंद केलं, आपला केळीच्या बागेचा खेळ सेव्ह व्हायचा राहिला होता, आणि मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. तू दारात उभी होतीस. हाताने 'पुरे, पुरे' करत होतीस. मी बघितलं होतं, मंजुळा. बघूनही बोललो. दुसऱ्या दिवशी नाव काढून आलो, आणि तू मात्र तिथेच राहून बी.एस्सी. पुरी केलीस आणि धुळ्याला परत गेलीस, घराखालच्या कॉम्प्युटर क्लासमधे.

बाग काही सुटली नाही. रावेरला मामाच्या केळीत मी लहानपणी हरवलो होतो, सगळ्या ओळी सारख्या, आभाळसुद्धा दिसेना, ते मी तुला एकदा सांगितलं आणि तू म्हणालीस, याचा खेळ होईल. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. खेळणाऱ्याने UTTAR टाईप केलं की उत्तरेला जायचं, GHE टाईप केलं की घ्यायचं. प्रोग्राम मी लिहायचा, बागेतल्या गोष्टी तू. एकच फ्लॉपी जळगाव-धुळे फिरायची, आणि तुझ्याकडे एक जुनी उतरवून ठेवलेली. आणि प्रोग्राममधे जिथे-तिथे आपल्या REM च्या ओळी. REM म्हणजे शेरा, मशीन ती ओळ वाचत नाही, बाजूला सारून पुढे जातं, हे क्लासमधे पहिल्या दिवशी शिकवतात. मशीन वाचत नाही म्हटल्यावर आपण काय ठेवलं लिहायचं! क्लासमधली दुसरी पोरं म्हणायची, याचा प्रोग्राम एवढा लांब कसा. त्यांना काय सांगणार.

मला ते शेरे पाठ आहेत. खेळातल्या म्हातारीच्या झोपडीपाशी मी स्टोव्ह ठेवला होता, तर तू खाली लिहिलंस: भरीत स्टोव्हवर? लाज वाटू दे खानदेशात राहतोस त्याची. वांगी पऱ्हाटीवर भाजतात. मी लिहिलं: मशीनला धूर चालत नाही. तू: मशीनला नसेल, म्हातारीला चालतो, बदल. मग मी बदललं, खेळणाऱ्याला आधी शेतातून कापसाच्या काड्या गोळा करून आणाव्या लागतात, त्याशिवाय म्हातारी बोलतच नाही. कळण्याच्या भाकरीत उडीद किती, यावर आपण फ्लॉपीच्या तीन खेपा भांडलो. एकदा तू लिहिलंस: गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्यात, खाली क्लास, वर कावळे, मधे मी. त्याच्या खालच्या ओळीत: आले परत. तीन नेल्या. मला ते वाचून दिवसभर हसू येत होतं. भाऊ म्हणाले, मशीन बिघडलं की तू?

आणि गोधडी. बागेतून वाट सापडायला नकाशा हवा होता, तू म्हणालीस नकाशा नको, गोधडी दे, ठिगळांचे रंग म्हणजे वळणं. हिरवं आलं की डावीकडे, लाल आलं की उजवीकडे. मी धरणगावला जाऊन आईची अर्धी शिवलेली गोधडी समोर पसरून ठिगळं उतरवून घेतली. आई बघत राहिली. वडिलांना म्हणाली, "हाऊ बठ्ठा दिन त्या डबापुढे बशी ऱ्हास, आते गोधडी वाची ऱ्हायना." मग तू तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ चुडामणभाऊंच्या हाती धाडलास, फाटका आहे पण पोत चांगला म्हणून. आईने तो हातात धरून विचारलं, "कोनं लुगडं शे हाई?" मी म्हटलं, एका दोस्ताच्या आईचं. ती म्हणाली, "दोस्तनी माय बरी लुगडं धाडस!" काठ मात्र मधोमध लावला.

आता त्या गोष्टीपाशी येतो. दिवाळीनंतर तुझे शेरे बदलले. बाहेरून परीक्षेचा फॉर्म सुटलाय, पंधरा तारीख शेवटची. पुढच्या फ्लॉपीत: भरला का? त्याच्या पुढच्यात: हिलाल, भरला का? मी उत्तरात लिहिलं की ज्याला कोणाची हांजी हांजी करायची असेल त्याने भरावा. मला वाटलं, सगळे झाले, आता हीसुद्धा. तू कशासाठी विचारत होतीस ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. घरात तुला काय काय ऐकावं लागत असेल, फॉर्म भरलेला एखादा मुलगा आणि न भरलेला, यात तुझ्या घरच्यांपुढे किती फरक पडतो, हे मला आज कळतंय. तेव्हा फक्त राग कळत होता.

जानेवारीतली तुझी फ्लॉपी घातली आणि मशीनने सांगितलं, मेमरी संपली. खेळ पुरा व्हायला बागेतली दोन ठिकाणं राहिलेली आणि जागा नाही. मी मोजलं. खेळ निम्मा होता आणि निम्मे आपण. लिस्ट काढली तर पहिल्याच ओळीत तुझा शेरा, 'रागावू नकोस'. तेवढंच वाचलं. त्याच्यापुढे आणखी शब्द होते, मी पाहिले नाहीत. म्हटलं, आला पुन्हा फॉर्म. तिथल्या तिथे दहाबारा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, की एकेक ओळ वाच, REM असेल तर टाकून दे, नसेल तर ठेव. चालवला. मग जुन्या फाईलवर KILL. त्या भाषेत पुसायला हाच शब्द आहे, आणि खोटं कशाला सांगू, तो टाईप करताना मला बरं वाटलं. फ्लॉपी थोडा वेळ किरकिरली आणि गप्प झाली. जुनं बोलणं मंजुळाकडे उतरवून ठेवलेलं आहे, एवढंच मनाशी म्हटलं. नवं काय होतं हा विचारच केला नाही.

नंतर राग उतरला, तर मी ठरवलं, आता खेळ पुरा करूनच पाठवायचा, नुसता शेरा नाही, आख्खा खेळ, म्हणजे तुझं तोंड बंद होईल. त्यात फेब्रुवारी गेला. शेवट तू त्या फ्लॉपीत प्रोग्रामसकट लिहून पाठवलेलाच होता. म्हातारी भरीत वाढते आणि विचारते, जातोस का थांबतोस? मी तो शेवट शंभरदा तरी तपासला असेल, आणि शंभरदा JA टाईप केलं. गेलो की बागेबाहेर रस्ता लागायचा, खेळ संपायचा. मला वाटलं झालं, सगळं चालतंय.

या सोमवारी तोतारामभाऊ जेवायला घरी गेले नाहीत, वहिनी माहेरी. मला म्हणाले, तुझा तो खेळ तरी दाखव. एका बोटाने टाईप करत दोन तास खेळले. काड्या आणल्या, गोधडी वाचली, म्हातारीपर्यंत पोचले. ती म्हणाली जातोस का थांबतोस, तर भाऊ माझ्याकडे वळून म्हणतात, "एवढं भरीत भाजलं, भाकरी टाकल्या, आणि न जेवता जायचं? आपण तर थांबणार बा!" आणि THAMB टाईप केलं. खेळ पडला. 'Undefined line number in 3070.' भाऊ म्हणाले, "काय झालं रे? म्हातारी रुसली का?"

३०७० मी काढून बघितली. थांब म्हटलं तर ४१२० वर जा, असं तू तिथे लिहिलं होतंस. आणि ४१२० नाही. ४११० आहे, ४१३० आहे, मधे काही नाही. म्हणजे तिथे शेरा होता. मंजुळा, मीच तुला पहिल्या महिन्यात बजावलं होतं, REM वर कधी उडी द्यायची नाही, उद्या कोणी शेरे काढले तर प्रोग्राम पडेल. तू ती चूक पुन्हा कधीच केली नाहीस. मग याच ओळीला कशी केलीस? मी न वाचता पुसून टाकीन हे तुला ठाऊक होतं ना? पुसलं तरी एक दिवस मला ते कळावं, म्हणून केलंस ना? आणि मला कळायला जेवायच्या लोभाने थांबणारे तोतारामभाऊ लागले. माझ्या हाताने थांब कधी टाईप झालंच नाही.

काल मी तुझ्या बेबामावशीकडे गेलो. तू शिकायला तिच्याकडे राहायचीस तेव्हा मला दारातूनच परत लावायची, काल तिने आत बसवून चहा दिला, तेव्हाच मी काय ते समजलो. सावद्याचं स्थळ, केळीची मोठी बाग, पाडव्याला साखरपुडा. मावशी सांगत होती, पोरगी जानेवारीपासून नुसतं 'थोडं थांबा' म्हणत होती, कशासाठी ते बोलेना, आणि मागच्या पंधरवड्यात आपणहून म्हणाली, हो म्हणून टाका. मी बशी खाली ठेवली. मावशीला सांगता आलं नाही की ती कशासाठी थांबली होती. मला तरी कुठे नीट माहीत आहे? मी धुळ्याला येऊन तमाशा करणार नाही, घाबरू नकोस. येऊन म्हणू तरी काय? ज्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, तो प्रश्नच मी वाचलेला नाही. तिथे नुसता बिबड्यांचा शेरा असेल, तर तसं सांग, मी तेही खरं मानीन. पत्राबरोबर फ्लॉपी पाठवतोय. ४१२० मोकळीच ठेवली आहे. दोनदा बसलो स्वतः काहीतरी लिहायला, बोटं चालली नाहीत, ती ओळ माझी नव्हे. थांब म्हटलं की आपला खेळ अजून तिथेच पडतो. आईची गोधडी पुरी झालीय. ती कोणाला द्यायची हे तिने मला विचारलेलं नाही. तू पाडव्याच्या आधी लिही, नंतर लिही, सावद्याहून लिही, पण त्या ओळीत काय होतं तेवढं एकदा लिही. मी रागावणार नाही. शेवटपर्यंत वाचीन.

तुझाच,
हिलाल