तिसरी मूठ

९ जुलै १९३८, शनिवार. नंदुरबार
बापू तळोद्याहून रजा घेऊन आला. तापीला पाणी चढलेलं, नावेसाठी दोन तास काठावर बसून होता. भिजलेला, उपाशी, आणि तोंड मात्र नवरदेवासारखं. सदऱ्याच्या आतून कागद काढून माझ्या मांडीवर टाकला. लखनौचं पत्र. राज्यकारभार हा विषय घेऊन एम.ए. करायला त्याला जागा मिळाली. वर्ग यंदा पहिल्यांदाच निघतोय म्हणून उशिरा, २२ ऑगस्टपासून.
मायने विचारलं, बी.ए. झालास, कचेरीत कारकून झालास, अजून काय शिकायचं राहिलं? बापू म्हणाला, कारभार कसा करू नये ते तळोद्याला शिकलो, आता उरलेलं शिकतो. माय त्याला वाढत राहिली. मी पत्र चार वेळा वाचलं.
पैशाचं कोणी बोललं नाही. आज नकोच.

१३ जुलै, बुध.
अर्धा खर्च माझ्या पगारातून निघेल. उरलेल्यासाठी समाजाचा विद्यार्थी निधी आहे. बिनव्याजी देतात, नोकरी लागल्यावर फेडायचं. जामीन लागतात दोन. बापूने सहज माझं नाव घातलं, मी सही केली. दुसरं नाव नंतर बघू म्हणाला. हा पोरगा राज्यकारभार करणार.
कशाला जायचंय इतक्या लांब, हे आज नीट विचारलं. म्हणाला, मागच्या पावसाळ्यात डोंगरातून एक म्हातारा दोन दिवस चालून कचेरीत आला होता. त्याची बोली कोणाला कळेना, कचेरीतली मराठी त्याला कळेना. अर्जावर कोर्ट-फीचं तिकीट नव्हतं म्हणून बापूनेच त्याचा अर्ज परत दिला. नियमच होता. म्हातारा ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिला आणि उठून गेला. ‘त्याने मन्हाकडे रागे पन पाह्यं नही, आक्का.’
एवढं सांगून भिंतीकडे वळला. लहानपणी चिमणीचं पिल्लू मेलं तेव्हा असाच भिंतीकडे तोंड करून बसला होता.

१८ जुलै, सोम.
अर्ज परत आला. माझ्या सहीवर लाल रेघ. ‘जामीन भाऊबंदांपैकी हवा.’
बापूला म्हटलं, घे, तू लोकांचे परत करायचास, आता तुझा आला. हसला बिचारा. मग मलाच वाईट वाटलं.
शाळेतून परस्पर निधीच्या चिटणीसांकडे गेले. भले गृहस्थ. पाटावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, पूर्वी लोक कोणालाही भाऊबंद म्हणून उभं करायचे, मग फेडायच्या वेळी हात वर. म्हणून कमिटीने नियम केलाय, श्रावणात कानबाई देवीला ज्यांचा रोट एक तेच भाऊबंद. मी म्हटलं, मी सख्खी बहीण. ते म्हणाले, बाई, तुम्ही लग्न होऊन गेलेल्या, तुमचा रोट तिकडचा.
तिकडचा! ‘ते’ गेल्याला अकरा वर्षं, तिकडून एक चिठ्ठी नाही.
घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचा रोट करायचा, भाऊबंदांनी मिळून तो पौर्णिमेच्या आत संपवायचा. परक्याला द्यायचा नाही आणि सासरी गेलेल्या लेकीला तर नाहीच. दरसाल दळते मी, पुरण शिजवते मी, मायबरोबर कानबाईची गाणी म्हणते मी. पानात मात्र रोट सोडून सगळं. इतकी वर्षं काही वाटलं नाही. आज वाटलं.

२१ जुलै, गुरु.
आमच्या रोटात आता बापू एकटा. दुसरा पुरुष म्हणजे कोरीटचे जिभाऊ, वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना मुलगा नाही, दोन्ही मुली सासरी. पण त्यांनी रोट वेगळा करून आठ वर्षं झाली.
कारण मी. वडिलांनी मला पुण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवलं तेव्हा जिभाऊ भर अंगणात म्हणाले होते की ज्या घरची विधवा पोर पाटी घेऊन गावोगाव फिरते त्या घरचा रोट मी खाणार नाही. वडील वारले तेव्हा आले, मुंडण केलं, खांदा दिला, तेराव्यापर्यंत राहिले. रोटाचं नाव काढलं नाही. वडिलांनीही जाताना काढलं नव्हतं. दोघे भाऊ एकाच मातीचे.
माय म्हणते बापूला पाठव बोलवायला. बापू म्हणतो जातो. मी म्हटलं, भांडण माझ्यावरून झालं, मी जाईन. म्हटलं खरं.

२४ जुलै, रवि.
कोरीटला जाऊन आले. गाडी चिखलात दोनदा रुतली, शेवटचा पल्ला चपला हातात घेऊन.
जिभाऊ ओसरीवर दोर वळत होते. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. काकूने चहा आणला, तीही आत पळाली. मी पाठ केलेलं सगळं विसरले. भिंतीवरच्या पालीकडे बघत बसले.
बऱ्याच वेळाने जिभाऊ उठून आत गेले आणि एक घडी पडलेला कागद आणून पुढे धरला.
‘हाऊ कागद वाची दे.’
बांधावरून शेजाऱ्याशी तंटा आहे, त्याचा अर्ज त्यांनी कोणाकडून तरी लिहवून दिला होता. त्यावर कचेरीचं उत्तर. साक्षीदार घेऊन २४ मेला हजर व्हा, न आल्यास अर्ज निकाली. मेमध्येच आलेला कागद. अडीच महिने पेटीखाली. गावात वाचणारे आहेत, पण गावातल्या कोणाला विचारलं तर शेजाऱ्याला कळणार. शहरात वाचणारी पुतणी आहे, पण तिच्याशी बोलणं नाही.
तारीख गेली, असं सांगावं लागलं मला. ते दोराचं टोक नुसतं धरून बसले. तोंडाशी आलं होतं, की ती पाटी आज उपयोगी पडली ना. इतकी वर्षं हे वाक्य घासूनपुसून ठेवलेलं! पण त्यांची मान बघितली, अगदी वडिलांसारखी, मागून बारीक झालेली. नाहीच बोलले.
पिशवीत कागद होताच. उंबऱ्यावर बसून नवा अर्ज लिहिला, अंगठा घेतला, वाचून दाखवला. मग बापूचं सगळं सांगितलं. लखनौ, निधी, परत आलेली माझी सही, दोन जामीन. तुम्ही आलात तरी दुसरा कुठून आणायचा तेही माहीत नाही म्हटलं. यंदा रोट एक करू या.
हो नाही, ना नाही. निघताना काकूने ओटीत शेंगा घातल्या. जिभाऊ गाडीपर्यंत आले, बैलाच्या पाठीवर हात फिरवला, परत गेले. बैलाला तरी काही बोलले असतील.

२९ जुलै, शुक्र.
जिभाऊंचा अर्ज मामलेदार कचेरीत स्वतः देऊन पोच घेतली. तिकीट लावायला विसरले नाही.
बापू तळोद्याला जाऊन नोकरीचा राजीनामा देऊन आला. रजा मागितली होती, साहेब म्हणाले एवढी लांब रजा मिळत नाही, जायचं तर मोकळे व्हा. मला न विचारता दिला. जेवताना सांगितलं. मी हातातली पळी ठेवली. मग पुन्हा उचलली, कारण आमटी उतू जात होती.
आता मागे फिरायची वाट नाही. कमिटी १४ ऑगस्टला बसते. कोरीटहून निरोप नाही.

१ ऑगस्ट, नागपंचमी.
माय विचारते, गहू किती निवडायचे? म्हटलं, निवड जरा जास्तच. निवडलेले वाया थोडेच जातात.
संध्याकाळी बापू नकाशावर बोट फिरवत होता. भुसावळ, इटारशी, झाशी. मायने विचारलं लखनौला भाकरी मिळते का. तो म्हणाला नाही. ती लगेच म्हणाली मग कशाला जातोस.

६ ऑगस्ट, शनि.
सगळं लिहून ठेवते, विसरायला नको.
सकाळी जातं पुसून घेतलं, माय सूप घेऊन बसली. बापूने पहिली मूठ घ्यायला हात पुढे केला आणि दारात जिभाऊ. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मागे काकू, तिच्या डोक्यावर नैवेद्याच्या भाजीचं गंगाफळ. चालत आले असावेत.
मायने डोक्यावरचा पदर नीट केला, सूप त्यांच्यापुढे सरकवलं. वडील माणसानेच मोजायचे. जिभाऊ हातपाय धुऊन बसले. सव्वा मूठ स्वतःची. सव्वा मूठ बापूची. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. एक जामीन तरी झाला.
तर त्यांनी तिसऱ्यांदा हात गव्हाच्या पायलीत घातला. मूठ भरली, सुपात सोडली, वर पाव मूठ. सावकाश.
मायने विचारलं, ‘कोननी शे ही?’
‘जी ह्या घरले पोशी ऱ्हायनी, तिनी.’
जिभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी आठ वरीस पहिले चुकनू. आते खावानं का नही, ते तुन्हं तू ठराव.’
मी उठून मागच्या अंगणात गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. बापू मागे येऊन उभा राहिला. त्यालाही रडू येत होतं, म्हणून त्याला बादली भरायला लावली.

७ ऑगस्ट, रवि. कानबाई बसली.
नारळाला नथ घातली, केवढं तेज आलं. रोट भाजला. बापूने, जिभाऊंनी, काकूने, मायने एका पंगतीत खाल्ला. माझ्या वाट्याचा मायने पितळी डब्यात झाकून ठेवला. वाढला नाही, नको असंही म्हणाली नाही.
दुपारी पान जुळवताना हळूच बोलली. ‘रोट खाशी ते तठलं बठ्ठं सुटी जाई, पोर.’
ठाऊक आहे मला. इकडचा रोट खाल्ला की मी तिकडची उरले नाही. आणि मन नसताना खाल्ला, रोट बाटला, तर दोष जाणाऱ्या पोरावर. मायला तीच भीती.
लोकांना वाटेल, तिकडचं आहे काय सुटायला. सासूने मला पाठवून दिलं, विषयच संपला. पण ‘ते’ आहेत ना.

८ ऑगस्ट, सोम.
कानबाई डोक्यावरून नदीला पोचवली. जिभाऊ-काकू कोरीटला परत. जामिनावर जिभाऊंचा अंगठा झाला. त्याखालची ओळ कोरी आहे. बापू त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एकदाच म्हणाला, ‘तुन्हा मन इरुद्ध नको, आक्का. मी पुढला वरीस जासू.’ नोकरी सोडून बसलेला हा मुलगा, पुढच्या वर्षी जाईन म्हणतो!

९ ऑगस्ट, मंगळ.
उद्या सकाळी पौर्णिमा लागते. शाळेतून आले, माय देवळात, बापू बाजारात. डबा पुढे घेऊन बसले.
त्यांचं आणि माझं बोलणं किती झालं असेल? दोन पावसाळे. मी पंधरा वर्षांची, ते मॅट्रिकचा अभ्यास करायचे. सारंगखेड्याच्या यात्रेहून सगळ्यांसाठी बांगड्या, खेळणी आणि माझ्यासाठी पाटी. सासूबाई हसल्या, म्हणाल्या हिला काय करायचीय. ते म्हणाले, हिशेब नाही तर नाही, मला पत्र तरी लिहील. पहिलं अक्षर त्यांनीच काढून दिलं. पत्र लिहिण्याएवढं यायच्या आत तापाने गेले.
त्यांना सांगितलं सगळं, मोठ्याने. म्हटलं, बापूला शिकायला जायचंय. तुम्ही असता तर तुम्हीच सही केली असती, माझ्या आधी. मला तुमची सोडचिठ्ठी नको आहे. फक्त एका ओळीपुरती इकडची होऊ द्या.
बाहेर शेजारीण कोंबड्यांना हाकत होती.
खाल्ला. तिसऱ्या दिवशीचा, कडक झालेला, चावायला वेळ लागला. कणही सांडू दिला नाही. हात धुतलेलं पाणी तुळशीला घातलं. माय आली तेव्हा रिकामा डबा पालथा ठेवलेला होता. तिने तो बघितला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दिवा लावायला गेली.

१० ऑगस्ट, बुध.
सही केली. पूर्ण नाव, त्यांच्या नावासकट. ते नाही सोडलं. कमिटीला काय म्हणायचं ते म्हणू दे.
सहीपुढे एक रकाना आहे, ‘अर्जदाराशी नाते’. मागच्या वेळी ‘बहीण’ लिहिलं होतं, त्यावर लाल रेघ आली. बराच वेळ टाक हातात धरून बसले. मग लिहिलं, ‘एका रोटातली’.
बापूने वाचलं. आता पुन्हा परत आला तर, असं मी विचारलं. म्हणाला, आला तर ओसरीवर बसून राहीन, उठणार नाही.
रविवारी कमिटी. वळकटी बांधायला दोरी नव्हती, ती कोरीटहून आली आहे, नवी, घट्ट वळलेली. मायने ती बापूच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवली.