मिलच्या गेटवरची तुमची जागा

बाबा,

तुमची जागा अजून माझ्याकडेच आहे. मिलच्या गेटसमोर, कडुलिंबाखाली. मिल बंद पडली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक घरातला एक माणूस रोज गेटवर बसेल, म्हणजे मालकाला मशिनी गुपचूप हलवता येणार नाहीत. पुढे तुम्ही गेलात. दादा आधीच इंदूरला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने तुमची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

मिल चालू होती तेव्हा पाळी संपवून तुम्ही यायचात ते भुवयांवर कापूस घेऊन. आई स्वयंपाकघराच्या दारातच अडवायची, "आधी झटका, कणकेत पडेल." माझा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मात्र तुम्ही तसेच आत आलात. मिलच्या पांढऱ्या कापडाचा तुकडा माझ्यापुढे ठेवलात. "कुर्ता शिव. घरातली पहिली ग्रॅज्युएट होशील. साहेबांना सांगून ऑफिसात चिकटवतो तुला." मी म्हटलं, मला बाहेर नोकरी करायचीय. तुम्ही जेवता जेवता थांबलात. "बाहेर काय ठेवलंय? मिलनेच पोसलं ना तुला?"

आता गेटवर मला फार मान आहे. इंग्रजी पेपरात मिलबद्दल, तिच्या कोर्टातल्या खटल्याबद्दल काही आलं की सगळे काका गोळा होतात. "बिटिया, पढ़ के सुना." कोर्टाच्या भाषेतल्या एखाद्या शब्दाला मला हिंदी सापडत नाही, तेव्हा तुमच्या खात्यातले जाड चष्म्याचे काका म्हणतात, "रेने दे, मिल खुलेगी के नी, इत्ता बता." आणि मी जायचं नाव काढलं की, "तू चली गई तो हम तो अंधे." ते हे मायेने म्हणतात, म्हणून उठताच येत नाही.

सकाळी टॉवर चौकात देवासच्या नव्या कारखान्यांच्या बसेस थांबतात. माझ्याबरोबरच्या मुली त्यातून जातात. सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात मलाही हिशेबाच्या कामाला घेतलंय, सोमवारी हजर व्हायचंय. आईला सांगितलं. ती पोळी लाटतच राहिली. "आणि गेटवर कोण बसेल?"

आज चष्म्याच्या काकांनी पेढे आणले. कोणी नवा मालक मिल घेणार, अशी बातमी उठलीय. "पहली नौकरी बिटिया की! बाप की जगह पक्की!" कोणीतरी गेटच्या कुलपाला हार घातला. माझ्या हातावर पेढा आला. मिल पुन्हा चालू व्हावी म्हणून तुम्ही रोज गेटवर बसलात, आणि ती चालूच होऊ नये, असं मला वाटलं, बाबा.

सोमवारी मी बसमध्ये चढेन की इथेच बसेन, मला माहीत नाही. नदीवर, रामघाटावर तुमच्या नावाने पाणी सोडताना विचारणार होते, पण आई शेजारी होती. म्हणून लिहिलं. हे कुठल्या पेटीत टाकणार? एवढंच सांगते. पेढा गोड आहे, असं मी काकांना म्हटलं. तो मी वळणावर कुत्र्याला घातला.