शिडावरचं मधलं नाव

नागसेन,

आईचा जयभीम घे. आशीर्वाद शिल्लक नाहीत, ते सगळे तुझ्या लेकीला, मैत्रीला देऊन टाकले. तू टाकून गेलास तेव्हा चार वर्षांची होती. आता तिच्या कॉलेजची पोरं उपग्रह करतायत आणि त्याचं शीड आपली मैत्री करते. होडीला असतं तसंच, पण हे वाऱ्यावर नाही, उन्हाच्या ढकलण्यावर चालतं. डिझेल नको, काही नको! तिने तुकडा घरी आणला होता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मी भोसरीभर सांगत सुटले, भाजीवालीलासुद्धा.

शिडावर पोरांची नावं छापणार, हे तुझ्या कानावर गेलं आणि सोळा वर्षांनी पिंपळे सौदागरच्या नव्या घरातून तुझा फोन आला. "आई, मधलं नाव माझंच लागेल ना?" तिच्या आईने, आम्रपालीने दोन-दोन शिफ्टा करून पोरगी वाढवली, तेव्हा कुठे होतं रे ते नाव?

तरी आईचं काळीज. मी म्हणाले, "मैत्री, घाल बापाचं नाव. तेवढंच आभाळात जाईल."

तिने कागदावर 'मैत्री आम्रपाली' लिहिलं, पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "आजी, शीड हलकंच लागतं. फुकटचं वजन घेतलं तर पुढे सरकत नाही."

आम्रपाली मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मी तुझी जन्मदाती, मला वाईट वाटायला हवं होतं. मला हसू आलं, नागसेन, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते तुला कळू नये, म्हणून हे पत्र टाकत नाही.

मैत्रीची आजी,
भिमाबाई